उशाशी बसणाऱ्यांसाठी

माझे अब्बा शिंपी होते. आमच्या गावातल्या तीन शाळांचे गणवेश आणि दर ईदला मोहल्ल्यातले निम्मे कुर्ते त्यांच्या मशीनवरून उतरत. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निघाले. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही भावांना बाहेर व्हरांड्यात बोलावले आणि सांगितले, ‘तीन-चार महिने.’ अब्बा आत खाटेवर बसून दाराकडे पाहत होते. भाऊ आत आले आणि म्हणाले, ‘काही नाही अब्बा, पोटात सूज आहे. बरे व्हाल.’ अब्बांनी मान हलवली. पन्नास वर्षे माणसांची मापे घेतलेला माणूस, त्याला चेहरा वाचता येत नसेल का?

त्या दिवसापासून घरात एक खेळ सुरू झाला. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. दिवस कसाबसा जाई. रात्र झाली की त्यांची तगमग सुरू होई. दर दहा मिनिटांनी विचारत, ‘किती वाजले?’ खाटेची कड घट्ट धरून बसत. दिवा मालवू देत नसत. झोपेची गोळी दिली तर दोन तास ग्लानी येई आणि मग ते दचकून उठत. अम्मी म्हणे, ‘सब्र करा, अल्लाह का नाम लो.’ अब्बा ओठ हलवत, पण डोळे तसेच भेदरलेले.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. घाबरलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने त्याची भीती जात नाही, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. पण स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत हे ध्यानात यायला मला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांची हळहळ मनातून जात नाही. म्हणून हा लेख. आज कुणाच्या तरी घरी असा एक माणूस खाटेवर असेल, आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्याला काय करावे हे सुचत नसेल.

आधी शरीर, मग मन

आम्हाला वाट दाखवली ती शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या थोरल्या बहिणीने. त्या निवृत्त परिचारिका. त्यांनी घरी येऊन पहिला प्रश्न अब्बांना विचारला, आम्हाला नाही: ‘चाचा, दुखतं कुठं आणि कधी जास्त?’ अब्बांना रात्री पाठीत भयंकर कळ येत होती. आम्ही तिला भीतीच समजत होतो. बाई म्हणाल्या, ‘माणूस वेदनेने तळमळत असेल तेव्हा त्याला धीराचे शब्द सांगू नका. आधी वेदना थांबवा.’

हे मी सुरुवातीलाच लिहिते, कारण या लेखात औषधाविना करता येण्याजोग्या गोष्टींविषयी बोलायचे आहे आणि त्याचा कुणी चुकीचा अर्थ घेऊ नये. वेदना, धाप, उलटी, बद्धकोष्ठता यांवर औषध हवेच. मॉर्फिनच्या नावाने आपल्याकडे लोक दचकतात. ‘सवय लागेल’, ‘नशा आहे, हराम आहे’ असे म्हणतात. डॉक्टरांनी मोजून दिलेले मॉर्फिन हा उपचार आहे. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे ते मिळवणे फार जिकिरीचे झाले होते. 2014 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती रुग्णांना ते सुलभपणे मिळावे म्हणूनच. अब्बांची कळ थांबली, तेव्हा कुठे खरी भीती बोलू लागली.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचे दुःख चार पदरी असते, असे त्या सांगत: शरीराचे, मनाचे, नात्यागोत्यांचे आणि आत्म्याचे. एका पदरावर औषध लावून बाकीचे तीन शांत होत नाहीत. याच विचारातून जगभर ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे उपशामक सेवा, उभी राहिली. आपल्या मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले अशा प्रकारचे पहिले ठिकाण.

ही सेवा म्हणजे ‘आता काही करता येत नाही’ असे सांगणे नव्हे. अमेरिकेत बोस्टन येथे फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास झाला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून उपशामक सेवा. पहिल्या गटात 38 टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात 16 टक्के. नैराश्यावरच्या गोळ्या दोन्ही गटांत जवळपास सारख्याच दिल्या गेल्या होत्या. म्हणजे हा फरक गोळ्यांनी पडलेला नव्हता. शिवाय दुसऱ्या गटातले रुग्ण सरासरी अडीच महिन्यांहून अधिक जगले.

उदासी आणि नैराश्य

जाणाऱ्या माणसाने उदास होणे हा आजार नाही, आणि ईमान कमी असल्याची खूणही नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम गेले, तेव्हा आपल्या रसूलांचे डोळे भरून आले होते. मग आपण घरच्या म्हाताऱ्या माणसाला ‘रडू नका, सब्र करा’ म्हणून गप्प का करतो? सब्र म्हणजे तोंड दाबून धरणे नव्हे. अम्मीचे ते शब्द प्रेमाचेच होते, पण अब्बांना त्यातून एवढेच ऐकू येई की, आपली भीती या घरात बोलायची नाही.

मात्र उदासी आणि नैराश्य यांत फरक आहे. भूक मंदावणे, झोप न लागणे, थकवा ही लक्षणे मूळ आजाराचीही असतात, त्यावरून काही कळत नाही. पाहायचे ते वेगळेच. नातवंड मांडीवर आले तरी चेहऱ्यावर काहीच उमटत नाही का? ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हे वारंवार येते का? जुन्या चुकांचा अपराधीपणा दिवसरात्र छळतो का? मरण लवकर यावे, असे ते सतत बोलतात का? असे असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध लागले तर द्या. आणि शांत माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, माणसे ओळखेना, तर तो मनाचा कमकुवतपणा नसतो. शरीरात काही बिघडलेले असते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खरे किती सांगावे?

हा प्रश्न प्रत्येक घरात भांडण लावतो. ‘सांगितलं तर धसका घेतील’ असे एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो, ‘त्यांचा हक्क आहे.’ परिचारिका बाईंनी सोपे करून सांगितले: तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा. ‘अब्बा, आजाराविषयी तुम्हाला काय वाटतंय? तुम्हाला जाणून घ्यायचंय का, की आम्हीच बघून घेऊ?’ काही जण म्हणतात, ‘तुम्हीच बघा.’ त्यांच्यावर सत्य लादायचे नाही. पण विचारले की, खोटेही बोलायचे नाही.

मी एका दुपारी विचारले. अब्बा बराच वेळ हातरुमालाची शिवण चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘बेटा, कपडा किती उरलाय ते शिंप्याला कळतं.’ आम्ही दोघे रडलो. आणि त्या रात्री, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, त्यांनी ‘किती वाजले’ विचारले नाही.

भीतीला नाव द्या

‘भीती वाटते’ या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, हे विचारल्याशिवाय समजत नाही. आम्हाला वाटत होते, अब्बा मरणाला घाबरतात. निघाले वेगळेच. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली नमाजची. पोटातून नळी काढून पिशवी लावली होती. ‘मी पाक नाही, वजू होत नाही, माझी नमाज गेली,’ असे त्यांना वाटत होते आणि ते कुणाला बोलले नव्हते. आमच्या मशिदीचे इमामसाहेब घरी आले. त्यांनी समजावले की, पाणी वापरणे शक्य नसेल तर तयम्मुम आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, तेही होत नसेल तर इशाऱ्याने नमाज होते. हजरत इमरान बिन हुसैन (र.) आजारी असताना रसूलांनी त्यांना हीच सवलत सांगितली होती. आजाऱ्याला माफक तेवढेच अल्लाह मागतो. आम्ही खाटेची दिशा बदलली, तयम्मुमसाठी एक स्वच्छ मातीची वीट उशाशी ठेवली. एवढ्या छोट्या गोष्टीने त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरला.

दुसरी अमानतीची. पंचवीस वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका शेतकऱ्याने मुलाच्या लग्नासाठी शेरवानीचे कापड आणून दिले होते. तो परत आलाच नाही. कापड अजून आमच्या पेटीत होते. ‘वर गेल्यावर त्याचं काय उत्तर देऊ?’ माझा धाकटा भाऊ दोन रविवार त्या भागात फिरला. शेतकरी वारला होता, नातू भेटला. त्याने कापड घेतले, आणि अब्बांशी फोनवर बोलला.

तिसरी चाचाजानची. घराच्या बोळावरून दोघा भावांत नऊ वर्षे अबोला होता. निरोप गेल्यावर चाचा आले. बोळाचा विषय कुणीच काढला नाही, तो वाद आजही मिटलेला नाही. चाचांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि अब्बांच्या मिशा कातरल्या, लहानपणी अब्बा त्यांचे केस कापत तशा. त्यानंतर ते रोज असरनंतर येऊन बसत.

प्रत्येक घरात या तीन गोष्टी नसतील. कुठे कर्ज असेल, कुठे बायकोच्या मेहेरचा प्रश्न, कुठे अविवाहित मुलीची काळजी. हजरत साद बिन अबी वक्कास (र.) मक्केत आजारी पडले, तेव्हा त्यांनी भेटीला आलेल्या रसूलांना आधी मालमत्तेविषयीच विचारले होते, आणि वसीयत एक तृतीयांशाच्या पुढे नको, हा नियम आपल्याला त्या भेटीतून मिळाला. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी अशा व्यवहाराच्या गोष्टी बोलणे अशुभ नाही. न बोलल्याने त्या त्याच्या छातीवर बसतात.

आयुष्य लिहून घेणे

कॅनडातल्या विनिपेगचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी या कामाला एक रीतसर रूप दिले. त्याला ते ‘डिग्निटी थेरपी’ म्हणतात, आपण ‘सन्मान-उपचार’ म्हणू. पद्धत साधी आहे. रुग्णाशी अर्धा ते एक तास बोलतात आणि ध्वनिमुद्रण करतात. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला, कोणत्या कामाचा अभिमान आहे, घरच्यांनी काय लक्षात ठेवावे, कुणाला काही सांगायचे राहिले आहे का, अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. मग ते बोलणे चटकन लिहून, नीट लावून, रुग्णाला वाचून दाखवतात. तो दुरुस्त्या करतो. शेवटी ती प्रत त्याच्या हाती देतात, म्हणजे त्याला हवे त्याच्यासाठी ती मागे ठेवता येते.

2005 मध्ये या पद्धतीचा कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या 100 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 91 जणांनी समाधान व्यक्त केले, 76 जणांना आपला सन्मान वाढल्यासारखे वाटले, 68 जणांना जगण्याला हेतू असल्याचे जाणवले. 2011 मध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या पट्ट्यांवर इतर सेवेपेक्षा ठळक फरक दिसला नाही, पण याचा उपयोग झाला, घरच्यांना याची मदत होईल, असे हे उपचार घेतलेले रुग्णच अधिक सांगत होते. म्हणजे ही जादू नाही. पण यात गमावण्यासारखेही काही नाही.

मला हे करायला विनिपेगला जावे लागले नाही. दोनशे पानी वही घेतली आणि शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटे बसले. त्याहून जास्त त्यांना झेपत नसे. अब्बा बोलत दखनीत, मी लिहीत असे मराठीत, आणि दुआ व नावे उर्दूत. पहिली कात्री कुठे घेतली, उस्तादांनी चुकीच्या कटासाठी कसे मारले, बहात्तरच्या दुष्काळात लोक जुने कपडे उलटवून शिवून घेत ते, अम्मीच्या लग्नाचा जोडा शिवताना रात्रभर कसे जागले ते. अम्मीला हे ठाऊक नव्हते. ती दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी वाचून दाखवायचे, आणि ते शिंप्यासारखेच म्हणायचे, ‘इथं जरा सैल झालंय, आवळ.’

खाटेवर त्यांना फक्त रुग्ण म्हणून पाहिले जात होते. वहीत ते पुन्हा उस्ताद झाले.

हात, वारा, उजेड

बोलण्याची ताकद नसते तेव्हाही बरेच करता येते.

स्पर्श: अमेरिकेत कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या 380 रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना प्रशिक्षित माणसाकडून मालिश, काहींच्या अंगावर नुसता शांतपणे हात ठेवला. लगेच मिळणारा आराम मालिशने जास्त होता, पण दिवसांमागून दिवस गेले तसे दोन्ही गटांना बरे वाटले. तळव्यांना कोमट खोबरेल लावा, हात हातात घ्या. सुजलेल्या, जखमेच्या किंवा गाठीच्या जागी मात्र चोळू नका.

वारा: धाप लागली की भीती वाढते, आणि भीतीने धाप वाढते. छोटा हातपंखा चेहऱ्यावर, नाकाच्या आणि गालांच्या बाजूने धरला, तर धाप कमी जाणवते, हे अभ्यासांतून दिसले आहे. उशांवर टेकवून बसवा. त्यांच्याबरोबर तुम्हीही श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. भोवतीची गर्दी हटवा.

उजेड आणि वेळ: दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. समोर मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि दिनदर्शिका. चष्मा व कानाचे यंत्र हाताशी ठेवा. न दिसल्याने, न ऐकू आल्यानेही माणूस घाबरतो.

आवाज: ज्यांना आवडते त्यांच्यासाठी हळू आवाजात कुरआन पठण, नात, किंवा जुनी आवडती गाणी. काय ऐकायचे हे त्यांना विचारा. माणसे हौसेने मोठ्याने यासीन शरीफ लावतात आणि रुग्णाला वाटते, आताच वेळ आली.

छोटे निर्णय: आधी चहा की आधी आंघोळ, कोणता कुर्ता, कोण भेटायला यावे, हे त्यांना ठरवू द्या. सगळे हातून सुटत असताना एवढी सत्ता तरी त्यांच्याकडे राहू द्या.

अयादतीचा अदब

आजाऱ्याला भेटायला जाणे आपल्याकडे पुण्याचे काम. ती भेट धर्म पाहून नव्हती. आपल्या रसूलांनी एका आजारी यहुदी मुलाचीही भेट घेतली होती. पण आपण अयादतीला जातो आणि काय करतो? ‘किती वाळलात!’ म्हणतो. अमक्याला हाच आजार होता, तो कसा गेला ते सांगतो. कुणी नवा हकीम सुचवतो, कुणी त्याच्यासमोरच दफनाच्या जागेची चर्चा करतो. आमच्याकडे एका दिवशी सतरा माणसे आली. त्या रात्री अब्बांची तगमग परतली.

थोडा वेळ बसा. खुर्चीत बसा, उभ्याने बोलू नका. दुआ द्या. विचारा कमी, ऐका जास्त. जाताना त्यांच्या बायकोला किंवा मुलीला विचारा, ‘उद्या दोन तास मी बसू का? तुम्ही झोपा.’ कारण काळजी घेणाराही मोडत असतो. अम्मीने दोन महिने एकसंध रात्रीची झोप घेतली नव्हती.

आणि शेवटच्या घडीला कलिम्याची तल्कीन करायची ती हळुवारपणे, कानाशी. उलेमाही सांगतात, ‘म्हणा, म्हणा’ असा तगादा लावू नये. त्या वेळी अल्लाहच्या रहमतीची आस जागवायची असते, अजाबाची धास्ती नव्हे.

मलप्पुरमने करून दाखवले

हे सगळे एका घराला पेलणारे नाही, असे वाटेल. खरेच आहे. केरळात कोझिकोडला 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आदींनी वेदना व उपशामक सेवेची संस्था सुरू केली. तिच्यातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या माणसांचे जाळे उभे राहिले. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा, पण जाळ्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्यांना सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवसांचा प्रत्यक्ष सराव दिला जातो. मग ते वस्तीतल्या अंथरुणावरच्या माणसांकडे जातात, बोलतात, जखम बांधतात, रेशन पोहोचवतात, गरज पडली तर परिचारिका व डॉक्टरांना आणतात. बराचसा पैसा लहान लहान देणग्यांतून येतो. 2008 मध्ये केरळ सरकारने या सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले.

आपल्या मोहल्ल्यात जनाजा निघाला की, शंभर माणसे खांदा द्यायला येतात, अल्लाहचे लाख उपकार. त्यांतल्या दहांनी जनाजाच्या आधीच्या तीन महिन्यांत आठवड्याचे दोन-दोन तास दिले तर? कफन-दफन कमिटी आपल्याकडे जवळपास सगळीकडे आहे. तिला ही एक शाखा का जोडू नये? बायकांनी यात पुढे यावे, कारण आजारी बाईची भीती ऐकायला बाईच लागते.

अब्बा एका शुक्रवारी फजरच्या आधी गेले. सगळ्या रात्री शांत होत्या असे मी म्हणणार नाही. शेवटच्या आठवड्यातही दोनदा ते घाबरून उठले. पण तेव्हा ते घड्याळ विचारत नसत, हात शोधत. आणि हात तिथे होता.

वही अम्मीकडे आहे. तिला मराठी वाचता येत नाही. दर गुरुवारी मगरिबनंतर माझी मुलगी तिला दोन पाने वाचून दाखवते, आणि अम्मी मध्येच थांबवून म्हणते, ‘इथं चुकलंय. त्या जोड्याला काठ जरीचा होता.’